गेमचं सबस्क्रिप्शन घेताय? पैसे आणि अकाउंट दोन्ही घालवणाऱ्या या चुका टाळा

ताईचा मुलगा बारावीला गेला तेव्हा जूनमध्येच गेम खेळायचा कन्सोल खोक्यात घालून माळ्यावर टाकला आणि घरात सगळ्यांना वाटलं विषय संपला. डिसेंबरमध्ये ताईच्या कार्डावरून अख्ख्या वर्षाच्या सबस्क्रिप्शनचे पैसे गेले. ओटीपी नाही, काही नाही. ताई घाबरली, तिला वाटलं कार्ड हॅक झालं, तिने लगेच बँकेत फ्रॉड म्हणून तक्रार टाकली, काही दिवसांनी बँकेने पैसे तात्पुरते परतही जमा केले, आणि मग भाच्याचं अकाउंटच लॉक झालं. त्यात सबस्क्रिप्शनचे गेम होते ते सोडा, पण वाढदिवसाला मिळालेले पैसे साठवून त्याने पूर्ण किमतीला विकत घेतलेले गेमही त्यातच अडकले. ते सोडवताना मला जे जे कळलं ते इथे लिहितोय कारण याच चुका मला आजूबाजूला रोज दिसतात.

ॲप उडवलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झालं, हा समज

सगळ्यात जास्त पैसे याच्यात जातात. तुम्ही गेम अनइन्स्टॉल करा, कन्सोल विका, फोन बदला, पैसे कापायची परवानगी वेगळीकडे बसलेली असते आणि तिला याचा पत्ताच नसतो. जिथून घेतलं तिथूनच बंद करायचं. अँड्रॉइडवर घेतलं असेल तर प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर टॅप करून पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्समध्ये, आयफोनवर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर आपल्या नावावर टॅप करून सबस्क्रिप्शन्समध्ये, आणि प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सचं असेल तर त्यांच्या अकाउंटच्या पानावर ऑटो-रिन्यू, म्हणजे मुदत संपली की आपोआप पुढचे पैसे कापायची सोय, बंद करायचं. ते झालं की दुसरं टोक पण तपासा. यूपीआयने भरत असाल तर यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट अशा नावाखाली यादी असते, तिथली परवानगी रद्द करा, आणि कार्ड असेल तर बँकेच्या ॲपमधून किंवा साइटवरून ई-मँडेट काढा. मँडेट देताना तिथे लिहिलेली कमाल रक्कम पण वाचा, ती बऱ्याचदा प्लॅनच्या किमतीपेक्षा बरीच मोठी असते, म्हणजे उद्या भाव वाढला तर तेवढी रक्कम तुम्हाला न विचारता जाऊ शकते.

ओटीपी का आला नाही? कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमात ठरावीक काळाने कापल्या जाणाऱ्या पैशांना पहिल्यांदा मंजुरी दिली की पुढे १५,००० रुपयांपर्यंत ओटीपी लागत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरपासून हे नियम लागू झाले तेव्हा मर्यादा ५,००० होती, २०२२ मध्ये ती वाढवली. पण त्याच नियमात आपल्या बाजूची पण गोष्ट आहे, की पैसे कापायच्या निदान २४ तास आधी बँकेने कळवायचं, कोण कापणार आणि किती ते सांगायचं आणि नको म्हणायची सोय द्यायची. ताईला तो मेसेज आला होता, लोन आणि सेलच्या मेसेजांत गाडला गेला. त्यामुळे माझं सरळ सांगणं आहे की सबस्क्रिप्शन घेतलं त्याच दिवशी ऑटो-रिन्यू बंद करून टाका, बहुतेक सेवांमध्ये भरलेली मुदत संपेपर्यंत गेम चालूच राहतात. हवं असेल तर पुन्हा घ्या की!

ही आपल्या एकट्याच्या घरची गोष्ट नाही. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने याच विषयावर तिन्ही मोठ्या कन्सोल कंपन्यांची चौकशी केली होती, आणि २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि सोनीने तिथे कबूल केलं की जे ग्राहक बराच काळ सबस्क्रिप्शन वापरतच नाहीत त्यांना आठवण करून देऊ आणि तरी वापरलं नाही तर पैसे घेणं थांबवू. निन्टेन्डोने तर ऑटो-रिन्यू आधीपासून चालू ठेवून विकणंच बंद केलं. भारतात असं काही झालेलं मला दिसलेलं नाही, व्हायला पाहिजे.

थेट बँकेत "फ्रॉड" म्हणून जाणं

ताईची खरी चूक ही होती आणि ती कुणीही केली असती. तुम्ही स्वतः मँडेट दिलेलं असताना पैसे गेले तर बँकेच्या लेखी तो फ्रॉड नसतो, आणि गेम कंपनीच्या बाजूने बघितलं तर तुम्ही पैसे परत ओढून घेतलेत, मग ते अकाउंट लॉक करतात. अमेरिकेत फोर्टनाइटवाल्या एपिक गेम्सवर याच प्रकारचा आरोप झाला होता, की चुकीच्या चार्जबद्दल कार्ड कंपनीकडे दाद मागणाऱ्यांची अकाउंटं बंद केली, आणि २०२३ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २४.५ कोटी डॉलर ग्राहकांना परत द्यायला लावले आणि वर अशी अकाउंटं बंद करायला मनाई केली. तो आदेश तिकडचा, आपल्या कामाचा नाही, म्हणून आपण क्रम नीट ठेवायचा.

पहिल्यांदा कंपनीकडे रिफंड मागा आणि लगेच मागा. प्लेस्टेशनमध्ये सबस्क्रिप्शन पहिल्यांदा घेतल्यापासून १४ दिवसांत रिफंड मागता येतो, वापरलं असेल तर तेवढे पैसे कापू शकतात. गुगल प्लेवर ४८ तासांच्या आत मागणं सगळ्यात सोपं. नाही म्हणाले तर चॅटवाल्याशी वाद घालत बसू नका, साइटवर ग्रिव्हन्स ऑफिसरचा, म्हणजे तक्रार अधिकाऱ्याचा, ईमेल शोधा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते, आणि कंपनी परदेशातली असली तरी भारतातल्या ग्राहकांना नियमितपणे विकत असेल तर हे नियम तिला लागू आहेत. बँक त्यानंतर. हां, मँडेट तुम्ही दिलंच नव्हतं किंवा कार्ड खरंच चोरीला गेलं असेल तर मात्र एक मिनिट थांबू नका, बँक आणि सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० दोन्हीकडे फोन करा.

भाड्याचे गेम आपले समजणं

प्लेस्टेशनचं सबस्क्रिप्शन असलेल्या प्लेस्टेशन प्लसमध्ये दर महिन्याला जे गेम लायब्ररीत टाकता ते सबस्क्रिप्शन चालू असेपर्यंतच खेळता येतात. एक्सबॉक्सच्या गेम पास सबस्क्रिप्शनमधून गेम येतात तसे जातात पण. इथे एक फसगत होते, गेम सबस्क्रिप्शनमधला असतो आणि त्याचं एक्स्पान्शन, म्हणजे गेमला जोडायचा जादा भाग, तुम्ही वेगळे पैसे देऊन घेता, मग मूळ गेम यादीतून गेला की एक्स्पान्शन तुमचं असूनही चालत नाही, मूळ गेम विकत घ्यावा लागतो. म्हणून एक्स्पान्शनवर खर्च करायच्या आधी मूळ गेमची किंमत धरून हिशोब करा.

सेव्ह फाइलचं, म्हणजे गेम कुठपर्यंत खेळलात त्या नोंदीचं, पण बघा. पीएस५ (प्लेस्टेशन ५) च्या स्वतःच्या गेमचे सेव्ह पेनड्राइव्हवर काढता येत नाहीत, त्यांचा बॅकअप फक्त क्लाउडवर आणि क्लाउडला प्लस लागतं, म्हणजे सबस्क्रिप्शन संपायच्या आधी सगळे सेव्ह कन्सोलवर आहेत ना ते तपासा, आणि त्या काळात कन्सोल रिसेट करायला जाऊ नका.

वर्षाचा प्लॅन स्वस्त दिसतो पण सेवा वर्षभर राहील याची खात्री कोण देणार? पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली तेव्हा पोरांनी भरलेल्या पैशांचं काय झालं ते आठवा. इंटरनेटवरून गेम खेळायची गुगलची सेवा स्टेडिया जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली, विकत घेतलेल्या गेमचे पैसे त्यांनी परत दिले, पण प्रो सबस्क्रिप्शनचे नाही. युबिसॉफ्टचा 'द क्रू' तर लोकांनी पूर्ण किमतीला घेतलेला आणि ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाल्यावर तो एकट्यानेही खेळता येईना.

टेलिग्रामवरचं स्वस्त अकाउंट

घेऊ नका. शेअर केलेलं किंवा दुसऱ्या देशाच्या नावाने काढलेलं अकाउंट कंपनी कधीही बंद करू शकते आणि विकणारा ब्लॉक करून गायब होतो, हातात पावती नाही म्हटल्यावर तक्रार तरी कशाच्या जोरावर करणार.

रक्कम छोटी आहे म्हणून सोडून देणं

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीत बोलता येतं, फोन फुकट. तिथे जमलं नाही तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगात, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते, मुदत २ वर्षं. आणि कॅन्सलचं बटण लपवणं किंवा कॅन्सल करणं मुद्दाम किचकट करणं याला ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या (ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांच्या) सरकारी मार्गदर्शक सूचनांत नावच आहे, सबस्क्रिप्शन ट्रॅप, तर तक्रारीत हा शब्द लिहा. सोबत प्लॅन घेतल्याची पावती, पैसे कापल्याचा मेसेज, कॅन्सल करताना आलेल्या प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट आणि चॅट जोडा. चॅट बंद करायच्या आधी कॉपी करा, नंतर मिळत नाही.

ताईने शेवटी बँकेतली तक्रार मागे घेतली, अकाउंट उघडल्यावर ग्रिव्हन्स ऑफिसरला तारखांसकट लिहिलं की जूननंतर या अकाउंटवर एकदाही लॉगिन झालेलं नाही, तुमच्याच नोंदी बघा. तीन आठवड्यांनी उरलेल्या महिन्यांचे पैसे परत आले.