शिक्रा आणि परसातल्या चिमण्या

परसात बाजरी-राळ्याचं भांडं टांगलं तशा चिमण्या, मुनिया, होले येऊ लागले. मागोमाग शिक्राही आला. कबुतराएवढा शिकारी पक्षी, पण शेवग्याच्या पानांआड बसला की दिसायचाच नाही. चिमण्या टिपण्यात गुंग झाल्या की सरळ झडप. खाली चार पिसं उरायची, पोटात कालवायचं.

त्याला हुसकावून लावणं मला पटेना. त्यालाही पिल्लं भरवायची असतात, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं त्याला संरक्षण आहे.

आधी काही दिवस दाणे पूर्ण बंद ठेवले. आयती शिकार संपली की तो दुसरीकडे वळतो. मग भांडं शेवग्यापासून लांब, दाट जास्वंदीपासून आठ-दहा फुटांवर टांगलं. झुडूप लांब असेल तर चिमण्या पोचत नाहीत, अगदी चिकटून असेल तर मांजर दबा धरतं. जमिनीवर दाणे टाकणं तर कायमचं थांबवलं.

शिक्रा अजूनही येतो. पण आता सातभाई पक्ष्यांनी कलकलाट केला रे केला, की अख्खा थवा जास्वंदीत शिरतो आणि बहुतेकदा त्याला रिकाम्या पंजांनी परतावं लागतं.