व्याज शिकवायचं तर उधारीच्या चिठ्ठीपासून

खुल्या प्रवर्गात एम.कॉम.ला 55 टक्के आणि नेट किंवा सेट, एवढ्यावर प्राध्यापकीची पात्रता येते. शिकवता येईलच असं नाही. विदर्भातल्या गावाकडच्या कॉलेजात बी.कॉम.ची पोरं घरची उधारी बघतच मोठी झालेली असतात. सुरुवात तिथून करा, सूत्र मागाहून.

पहिल्या तासाला कृषी केंद्राची चिठ्ठी फळ्यावर उतरवा. समजा, खताचं पोतं रोखीत 1,200, कापूस विकल्यावर द्यायचं तर 1,350. जून ते डिसेंबर, सहा महिने. 150 भागिले 1,200 म्हणजे साडेबारा टक्के, वर्षाला 25. चिठ्ठीवर 'व्याज' हा शब्दच नसतो, म्हणून पोरं आधी मानत नाहीत. मग 1,350 नं भागतात, उत्तर येतं 11.1. 'हातात माल कितीचा पडला?' एवढंच विचारा.

मग सावकारी 'शेकडा तीन'. हा दर महिन्याचा, हे दोनदा सांगा. 10,000 वर वर्षाला 3,600. थकलेलं व्याज दर महिन्याला मुद्दलात चढलं तर 4,258. बारा ओळींचा तक्ता हातानंच करून घ्या. कंटाळतील, पण चक्रवाढ तिथंच दिसते. शेजारी पीककर्ज मांडा: 3 लाखांपर्यंत 7 टक्के, वेळेत फेडलं तर केंद्राकडून 3 टक्के सवलत.

फ्लॅट रेट शेवटी: मुद्दल उतरत गेलं तरी व्याज सुरुवातीच्या पूर्ण रकमेवरच. 12,000 वर 12 टक्के फ्लॅट, 1,120 चे बारा हप्ते. मुद्दल दरमहा हजारानं उतरतं, सरासरी बाकी 6,500. त्यावर 1,440 व्याज, म्हणजे 22 टक्क्यांच्या आसपास.