'संशोधनात सिद्ध झालंय' असा मेसेज आला की मूळ अभ्यास कसा शोधायचा आणि कसा वाचायचा

मे महिन्यात गोव्यात फोंड्याला मावशीकडे गेले होते. ओसरीवर सुपात कोकमाची सोलं वाळत घातलेली, मिठाच्या रसात बुडवून परत उन्हात, हात जांभळे झालेले, आणि तेवढ्यात मावशी आतून एक प्लास्टिकची बाटली घेऊन आली. "हे बघ गो, आपल्या भिंडांचंच औषध, अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीनं सिद्ध केलंय, वजन उतरतं." साठ गोळ्या, किंमत दोन हजारांच्या वर, मोबाईलवर जाहिरात बघून मागवलेली. मावशीला शुगर आहे, गुडघे दुखतात, डॉक्टरनी वजन कमी करायला सांगितलंय, म्हणजे तिची गरज खरी होती. म्हणून मी तिला लगेच "टाकून दे" म्हटलं नाही, तिथंच बसून दोघींनी मिळून तो अभ्यास शोधला. साधारण तासभर गेला. त्या तासात जे केलं ते इथं सविस्तर लिहितेय, कारण हे कुणालाही जमतं, त्यासाठी सायन्स शिकलेलं असायला लागत नाही.

सगळ्यात आधी नेमकं नाव धरा. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं 'गार्सिनिया कंबोजिया'. आपलं भिंड, म्हणजे कोकम, ते गार्सिनिया इंडिका. कंबोजिया म्हणजे त्याचा चुलतभाऊ, केरळात माशांच्या आमटीत कुडमपुळी घालतात ना, तो. दोन्हींच्या सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक ॲसिड असतं हे खरं, पण "आपलंच भिंड" हे खरं नव्हे. मेसेजात बातमी असेल तर त्यात तीन गोष्टी शोधा, विद्यापीठ कुठलं, जर्नल (म्हणजे अभ्यास छापणारं नियतकालिक) कुठलं, वर्ष कुठलं. ह्यातलं एकही नसेल आणि नुसतं "शास्त्रज्ञांच्या मते" असेल तर तिथंच थांबलात तरी चालेल, असे मेसेज शोधत बसण्यात मी आता वेळ घालवत नाही.

नाव मिळालं की पबमेड उघडा. आरोग्य आणि आहाराच्या अभ्यासांची ही फुकट यादी आहे, अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय ग्रंथालयाची, त्यात इंग्रजीत नाव टाकायचं आणि डाव्या बाजूच्या फिल्टरमधून 'रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल', म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून तुलना केलेले अभ्यास, निवडायचं. टेक्नॉलॉजी, नोकरी, मानसशास्त्र वगैरे विषय असेल तर गूगल स्कॉलर, म्हणजे गूगलचंच फक्त अभ्यास शोधायचं पान, बरं. आपल्या देशातल्या पीएचडीचे प्रबंध शोधगंगावर असतात, गोव्यातल्या खाजन शेतीवर, मासळीवर, भातावर काही हवं असेल तर मी तिथं आधी बघते. बातमीखाली कधी कधी डीओआय म्हणून १० ने सुरू होणारा लांबलचक नंबर दिलेला असतो, तो डीओआय डॉट ओआरजी च्या पुढं तिरकी रेघ देऊन चिकटवला की थेट मूळ पानावर जाता.

सारांश सगळ्यांना फुकट दिसतो, पूर्ण पेपरला, म्हणजे मूळ शोधनिबंधाला, बऱ्याचदा पैसे मागतात, ते भरू नका. गूगल स्कॉलरमध्ये नावाच्या उजव्या बाजूला पीडीएफची लिंक असते का बघा, खाली 'ऑल व्हर्जन्स' वर टिचकी मारा, बऱ्याचदा लेखकानं स्वतःच कुठंतरी प्रत ठेवलेली असते. दुसरा मार्ग म्हणजे घरातलं कॉलेजात जाणारं पोर. १ जानेवारी २०२५ पासून केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झालीय, त्यात ३० मोठ्या प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नलं सरकारी उच्च शिक्षण संस्थांतल्या विद्यार्थ्यांना खुली आहेत, म्हणजे ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठात शिकणारा भाचा असेल तर त्यालाच सांगा. आणि हेही नाही जमलं तर पेपरवर लेखकाचा ईमेल असतो, दोन ओळी लिहा, मला कॉपी वाचायला मिळेल का म्हणून. मी दोनदा लिहिलंय, दोन्ही वेळा दोन दिवसांत पेपर आला. आपलं काम कुणीतरी वाचतंय ह्याचा त्या माणसांना आनंदच होतो.

आता वाचायचं कसं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचू नका, दमून सोडून द्याल. आधी सारांश, मग 'मेथड्स', म्हणजे अभ्यास कसा केला तो भाग, मग आकड्यांचे तक्ते, आणि शेवटी जिथं पैसे कुणी दिले आणि त्रुटी काय हे लिहिलेलं असतं तो भाग. मधली लांब चर्चा पहिल्यांदा सोडली तरी चालते. आणि वाचताना चारच प्रश्न विचारायचे, कोणावर केलं, कशाशी तुलना केली, फरक किती पडला, आणि किती गोष्टी मोजल्या.

मावशीच्या गोळ्यांवर हेच करून बघितलं. उंदरांवरचे जुने अभ्यास आहेत, त्यात ह्या ॲसिडमुळे चरबी कमी बनते असं दिसलं होतं, जाहिरातीत "सिद्ध झालंय" जे म्हणतात त्याचं मूळ तिथं. पण माणसांवरचा जो नीट केलेला अभ्यास आम्हाला मिळाला तो १९९८ सालचा, न्यूयॉर्कमधला, जामा ह्या जर्नलात आलेला. वजन जास्त असलेली १३५ माणसं, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट, एका गटाला रोज १५०० मिलिग्राम हे ॲसिड, दुसऱ्याला दिसायला तश्शीच पण रिकामी गोळी, आणि दोन्ही गटांना सारखंच कमी कॅलरीचं, जास्त फायबरचं खाणं, १२ आठवडे. कोण खरी गोळी घेतंय ते घेणाऱ्यालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही.

गोळीवाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलो उतरलं. मावशी लगेच म्हणाली, "बघ, उतरलं की!" मी म्हटलं पुढची ओळ वाच. रिकामी गोळी घेणाऱ्यांचं ४.१ किलो उतरलं होतं. दोन्हींतला फरक योगायोगात बसण्याइतका लहान, म्हणजे गोळीनं काही केलं असं म्हणता येत नाही, जे उतरलं ते खाण्यातल्या बदलानं. मावशी दोन मिनिटं त्या दोन आकड्यांकडे बघत राहिली. तुलनेचा गट कशाला लागतो हे मला कॉलेजात कधी एवढं स्पष्ट कळलं नव्हतं जेवढं त्या ओसरीवर कळलं, कारण दुसरा गट झाकून ठेवला तर ३.२ किलो हा आकडा जाहिरातीत छापण्यासारखाच आहे ना. आणि अजून एक, अशा गोळ्या घेतलेल्या काही लोकांच्या लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या आहेत, तेव्हा शुगरच्या औषधाबरोबर असलं काही सुरू करण्याआधी डॉक्टरला बाटली नेऊन दाखवा, नुसतं नाव सांगू नका.

तुलनेनंतरचा प्रश्न, फरक किती. इथं टक्केवारी फार फसवते. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं सांगितलं की रोज ५० ग्राम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. चोरीस-पाव (चोरीस म्हणजे गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) खाणाऱ्या आमच्याकडच्या लोकांना वाटलं शंभरातल्या अठरा जणांना होणार. तसं नाही. समजा एखाद्या ठिकाणी शंभरातल्या पाच जणांना आयुष्यात कधीतरी हा रोग होतो, तर पाचाचे १८ टक्के म्हणजे एकाहून थोडं कमी, म्हणजे पाचाचे साधारण सहा. धोका आहे, रोज खाणाऱ्यानं कमी करावं असं मलाही वाटतं, पण फेस्ताला वर्षातनं दोनदा खाणाऱ्यानं झोप उडवून घेऊ नये. बातमीत "इतके टक्के वाढ" दिसलं की लगेच विचारायचं, कशाच्या इतके टक्के? मूळ आकडा नसेल तर ती टक्केवारी तुमच्या कामाची नाही.

कोणावर केलं हा प्रश्न लोक सगळ्यात जास्त विसरतात. रोज १०,००० पावलं चाला असं सगळे सांगतात, मिरामारला संध्याकाळी घड्याळाकडे बघत चालणारी कितीतरी माणसं मला दिसतात, त्यातल्या साठी उलटलेल्या बायका आठ हजारांवर थांबल्या की खट्टू होतात. हा दहा हजारांचा आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला. पुढं २०१९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी १६,७४१ वयस्कर बायकांची पावलं मोजली, सरासरी वय ७२. ज्या साधारण ४,४०० पावलं चालायच्या त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी, आणि ७,५०० च्या आसपास फायदा स्थिरावत गेला. पण हा अभ्यास नुसतं बघून केलेला आहे, चिठ्ठ्या टाकून नव्हे, म्हणजे ज्या मुळात धडधाकट त्याच जास्त चालत असतील ही शक्यता उरतेच, आणि पोरसवदा माणसाला हाच आकडा लागू होईल असंही नाही. तरीपण माझ्या आईला हा अभ्यास वाचून दाखवला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

नोकरीच्या बाबतीतही तेच. घरून काम केल्यानं काम वाढतं असं म्हणताना स्टॅनफर्डच्या ज्या अभ्यासाचा दाखला देतात तो चीनमधल्या एका ट्रॅव्हल कंपनीच्या कॉल सेंटरमधला, नऊ महिन्यांचा, काम १३ टक्क्यांनी वाढलेलं. पण ती माणसं स्वतःहून पुढं आलेली होती, आठवड्यातनं चार दिवस घरी आणि एक दिवस ऑफिसात, आणि प्रयोग संपल्यावर निवड करायला सांगितली तेव्हा त्यातल्या साधारण निम्म्यांनी परत ऑफिस निवडलं, घरी एकटं वाटतं म्हणून. वेर्ण्याच्या कारखान्यात शिफ्ट करणाऱ्याला किंवा पावसात दिवसातनं चारदा लाईट जाणाऱ्या सत्तरी तालुक्यातल्या घरात लॅपटॉप घेऊन बसलेल्याला हा १३ टक्क्यांचा आकडा तसाच लावता येत नाही.

शेवटचा प्रश्न, किती गोष्टी मोजल्या. २०१५ मध्ये जॉन बोहॅनन नावाच्या पत्रकारानं मुद्दाम एक अभ्यास केला, डार्क चॉकलेटनं वजन लवकर उतरतं असा. माणसं १५, तीन आठवडे, आणि प्रत्येकाच्या १८ वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या, वजन, कोलेस्टेरॉल, झोप वगैरे. जत्रेत रिंग टाकायच्या खेळात अठरा रिंगा टाकल्या तर एखादी कुठल्यातरी साबणावर पडतेच, तसं. प्रत्येक मोजणीत चुकून फरक दिसण्याची शक्यता ५ टक्के धरली तर १८ मोजण्यांत निदान एक तरी चुकून लागण्याची शक्यता ६० टक्के होते. पैसे घेऊन छापणाऱ्या जर्नलात तो पेपर छापून आला आणि बऱ्याच देशांतल्या वर्तमानपत्रांनी बातमी केली, मग त्यानं स्वतःच सगळं उघड केलं. म्हणून पेपरात आधी ठरवलेली मुख्य गोष्ट कुठली होती ते बघा. भारतात औषधाची चाचणी सुरू करण्याआधी सीटीआरआय ह्या सरकारी नोंदवहीत नोंद करणं २००९ पासून सक्तीचं आहे, ती कुणालाही उघडता येते, आधी काय मोजणार म्हणून लिहिलं आणि नंतर काय छापलं हे ताडून बघता येतं.

पण माणसं कमी म्हणजे अभ्यास वाईट असंही धरून बसू नका. उकड्या तांदळाचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे तो खाल्ल्यावर रक्तातली शुगर ग्लुकोजच्या तुलनेत किती चढते तो आकडा, काढायचा असेल तर दहाएक निरोगी माणसं पुरतात, कारण त्यात प्रत्येक माणूस एकदा ग्लुकोज पितो आणि दुसऱ्या दिवशी तो भात खातो, म्हणजे त्याची तुलना त्याच्याशीच होते. फक्त तो आकडा ५० ग्राम कर्बोदकं भरतील एवढ्याच भाताचा असतो. मावशीची सकाळची पेज म्हणजे मोठं वाडगं, सोबत खारातलं तोर (कैरी), कधी सुकी मासळी, आणि शुगर असलेलं शरीर, तेव्हा आकडा कमी आहे म्हणून दोन वाडगी जास्त प्यायची असं होत नाही. त्यापेक्षा ग्लुकोमीटरनं पेज प्यायल्यावर दोन तासांनी स्वतःची शुगर बघून वहीत लिहिणं बरं, ते मावशी आता करते, आणि ती वही डॉक्टरला दाखवते.

पेपर मागं घेतलेला आहे का हेही बघा, पबमेडवर वर लाल पट्टी दिसते. लस आणि ऑटिझम जोडणारा १९९८ चा लॅन्सेटमधला पेपर फक्त १२ मुलांवरचा होता आणि २०१० मध्ये मागं घेतला गेला, तरी त्याचे मेसेज अजून फिरतात. 'प्रीप्रिंट' असं लिहिलेलं असेल तर तो अजून दुसऱ्या तज्ज्ञांनी तपासलेला नाही.

फॅमिली ग्रुपवर मात्र "खोटं आहे, असलं टाकू नका" असं लिहू नका, समोरचा माणूस दुखावतो आणि पुढच्या वेळी तुम्हाला न विचारता गोळी घेऊन मोकळा होतो. मी हे वाक्य मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवलंय, तुम्हीही घ्या: "काका, हे इंटरेस्टिंग वाटतंय, कुठल्या जर्नलात आलंय ती लिंक असेल तर टाका ना, रविवारी घरी येते तेव्हा आपण दोघं मिळून वाचू."