0603 म्हणजे नेमका केवढा? फूटप्रिंट निवडण्याआधी मिलिमीटर बघा

शेतासाठी तीन इंची पीव्हीसी पाइप मागितला की दुकानदार 90 एमएमचा काढून देतो. नाव एक, माप दुसरं. पण जालन्यापासून उदगीरपर्यंत हे सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे कुणी फसत नाही. पीसीबीवरचे (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डावरचे) एसएमडी, म्हणजे वरच्या वर सोल्डर होणारे, पार्ट मात्र भल्याभल्यांना फसवतात, कारण तिथे आकाराचा एकच आकडा दोन वेगळ्या मापांचं नाव असतो. बोर्डावर पार्टसाठी आखलेल्या पॅड-भोकांच्या जागेला फूटप्रिंट म्हणतात; आकडा चुकला की तीच चुकते.

इंचाच्या पद्धतीत 0603 म्हणजे सुमारे 1.6 × 0.8 मिमी. मेट्रिकमध्ये तोच 0603 म्हणजे 0.6 × 0.3 मिमी, ज्याला इंचवाले 0201 म्हणतात. 0402 चंही तेच: इंचात 1.0 × 0.5 मिमी, मेट्रिकमध्ये 0.4 × 0.2. रेझिस्टर-कपॅसिटर बहुधा इंचाच्या नावाने विकले जातात. 5050 एलईडी आणि 3225 क्रिस्टल मेट्रिक नावाने. म्हणून पार्टच्या यादीत कोडशेजारी लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहाच. बोर्ड आखायच्या कायकॅड सॉफ्टवेअरच्या लायब्ररीत ही सोय नावातच आहे: 0603 आणि पुढे 1608 मेट्रिक.

खरं नुकसान होतं ते पिचमध्ये, म्हणजे शेजारच्या दोन पायांच्या मध्यांमधल्या अंतरात. पंपाच्या स्टार्टरमध्ये बसणाऱ्या ऑटोस्विचचं कार्ड घ्या. टर्मिनल ब्लॉक (वायर कसायचे कनेक्टर) 5.00 आणि 5.08 मिमी अशा दोन्ही पिचमध्ये मिळतात आणि नुसत्या डोळ्यांना सारखेच दिसतात. दोन किंवा तीन पायांचा नमुना चुकीच्या फूटप्रिंटमध्येही बसतो, कारण 1 मिमीच्या पायाला 1.3 मिमीचं भोक असतं. मग बारा पायांची पट्टी येते. पायांमध्ये 11 गाळे, प्रत्येकी फरक 0.08, एकूण फरक 0.88 मिमी. मधले पाय जातात, टोकाचे अडतात. दाबून बसवलं तर पाय वाकतात, भोकाच्या आतलं तांबं उखडतं आणि काही महिन्यांनी तिथे लूज कॉन्टॅक्ट होतो. पट्टी जबरदस्तीने बसवू नका, फूटप्रिंट बदला.

हेच 2.5 आणि 2.54 च्या कनेक्टरचं. 100 पायांच्या (एका बाजूला 25) आयसीला 0.5 ऐवजी 0.508 पिच (20 मिल, म्हणजे इंचाचे 20 हजारांश) दिलं आणि एक टोक जुळवलं, तर 24 गाळ्यांनंतर दुसरं टोक 0.19 मिमी सरकतं. पाय स्वतःच जेमतेम 0.2 मिमी रुंद! शेजारच्या पॅडशी शॉर्ट होण्याचा धोका आलाच.

डेटाशीट (कंपनीने दिलेला मापांचा कागद) नसेल तर व्हर्नियरने शेजारच्या दोन पायांमधलं अंतर मोजू नका, चूक त्यातच लपते. पहिल्या पायाच्या डाव्या कडेपासून शेवटच्या पायाच्या डाव्या कडेपर्यंत मोजा आणि गाळ्यांनी भागा. गाळे पायांपेक्षा एकाने कमी असतात. डेटाशीट असेल तर ती ज्या एककात आहे त्याच एककात फूटप्रिंट काढा. 5.08 ला गोल करून 5.1 केलं की तीच चूक उलट बाजूने होते.

ऑर्डर देण्याआधी बोर्ड 100 टक्के स्केलवर छापा, ‘फिट टू पेज’ बंद ठेवून. बाजूला 100 मिमीची रेघ टाका आणि ती पट्टीने मोजा. 98 भरली तर तो कागद बाद. रेघ बरोबर असेल तर कागद थर्माकोलवर ठेवून कनेक्टर त्यात टोचून बघा.

शेवटी कारखान्याला द्यायच्या गर्बर (बोर्डाचे थर) आणि ड्रिल (भोकं) दोन्ही फाइली एकाच एककात काढा आणि गर्बर व्ह्यूअरमध्ये एकावर एक ठेवून बघा. भोकं एका कोपऱ्यात गोळा झालेली किंवा बोर्डाबाहेर पसरलेली दिसली, तर ड्रिल फाइलचं एकक किंवा शून्यांची मांडणी चुकली आहे.