नागपूरच्या थंडीत पाळीव सरडा झोपवताय? या चुका टाळा

दिवाळीचा फराळ संपत आला की आमचा खंडू खाणं कमी करतो. खंडू म्हणजे घरचा बिअर्डेड ड्रॅगन, आता पाच वर्षांचा. ही जात मूळची ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या भागातली. तिथल्या थंडीत हे सरडे बिळात नाहीतर लाकडाखाली दडून राहतात. घरात वाढलेल्यांचंही अंग दिवस लहान झाला की जड होतं, आणि काही जण महिना-दोन महिने झोपून काढतात.

पहिल्या हिवाळ्यात तो झोपला तेव्हा मला बरंच वाटलं. त्याचं वजन ४१२ ग्रॅम होतं. तीन आठवड्यांनी काट्यावर ठेवला तर ३७१! पोटात किडे नव्हते, आजार नव्हता. चूक माझी होती, आणि आपल्याकडे हीच सगळ्यात जास्त होते म्हणून आधी तिच्याबद्दल.

अर्धवट झोप

सरडा स्वतःच्या अंगात ऊब तयार करत नाही, भोवतालच्या तापमानावर त्याचं शरीर चालतं. १५ ते २० अंशांत ते इतकं मंद होतं की आठवडेच्या आठवडे न खाता वजन जवळपास तेवढंच राहतं. २५-२६ अंशांत मात्र शरीर साठवलेली चरबी जाळत राहतं, आणि खाऊन पचवण्याइतकी गरमीही त्याला मिळत नाही. म्हणजे झोपही नाही, जेवणही नाही.

नागपूरचा डिसेंबर नेमका असा असतो. पहाटे पारा १२-१३ वर, दुपारी २८. खंडूची पेटी पश्चिमेच्या भिंतीला होती, ती भिंत दुपारी तापायची. वरच्या मजल्यावरच्या, थेट स्लॅबखालच्या खोलीतही हेच होतं.

म्हणून झोपवायचं ठरवण्याआधी आठवडाभर एक काम करा. जिथे पेटी ठेवणार तिथेच थर्मामीटर ठेवून सकाळी सहाला आणि दुपारी चारला आकडा लिहून ठेवा. तळमजल्यावरची किंवा उत्तरेकडची खोली, फरशीवरची सावलीची जागा बहुतेक घरांत थंड सापडते. दुपारचा आकडा २१-२२ च्या वर जात असेल तर झोपवण्याचा विचार सोडून द्या. पेटीतले ऊब-उजेडाचे दिवे दिवसा पूर्ण वेळ चालू ठेवा, खाऊ घाला, त्याला जागं ठेवा. पिल्लं काढायची नसतील तर पाळीव ड्रॅगनला ही झोप लागतेच असं नाही. तो जागा राहिला तर त्याचं काही बिघडत नाही.

थंड जागा हवी म्हणून पेटी गॅलरीत नेऊन ठेवणं तर आणखी वाईट. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर गेला होता. दहाच्या खालची रात्र त्याच्या जिवावर बेतू शकते.

पोट भरलेलं असताना दिवा बंद करणं

खाणं थांबलं की लोक त्याच दिवशी दिवाही बंद करतात. सरड्याला अन्न पचवायला उष्णता लागते. ती मिळाली नाही तर पोटातली झुरळं, रातकिडे तिथेच कुजतात. आधी खाणं बंद करायचं आणि दिवा मात्र पुढचे दोन आठवडे तसाच चालू ठेवायचा, शेकायच्या जागी ३८ ते ४२ अंश. या दिवसांत एक दिवसाआड कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं सोडा, पाणी त्याच्या खांद्यापर्यंतच. तो पाणीही पितो आणि शी पण होते. पोट रिकामं झाल्याची खात्री पटली की मग उजेड रोज थोडा थोडा कमी करत आठ-दहा तासांवर आणा, आणि शेवटी दिवे बंद करा.

भलत्याच सरड्याला झोपवणं

एक वर्षाच्या आतलं पिल्लू, हाडं दिसणारा सरडा, अंडी धरलेली मादी, नुकता आजारातून उठलेला, यांतल्या कुणालाही झोपवू नका. इग्वाना उष्ण, दमट जंगलातला प्राणी आहे, त्याला थंडीत ठेवलं तर तो झोपत नाही, आजारी पडतो. धडधाकट ड्रॅगनचीही शी महिनाभर आधी तपासून घ्या. जागेपणी जे जंत त्याला जाणवत नाहीत, ते झोपेत त्याला पोखरतात. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला डॉक्टर आधीच शोधून ठेवा, जानेवारीत धावपळ नको.

आणि थंडीत शेताच्या बांधावर निपचित पडलेली घोरपड दिसली तर ती घरी आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिला पाळणं गुन्हा आहे. वन विभागाला १९२६ वर फोन करा.

झोपेत रोज हलवून बघणं

काळजीपोटी होतं हे, मीही केलंय. आठवड्यातून एकदा, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा आणि परत ठेवा, एवढं पुरे. पाण्याची उथळ वाटी पेटीत कायम असू द्या. मधेच उठून तो पाणी पिईल, थोडा फिरेल, परत झोपेल. तेव्हा दया येऊन किडा देऊ नका, तो पचणार नाही.

झोपण्याआधीच्या वजनात १० टक्के घट झाली, डोळे खोल गेले, तोंडातून चिकट लाळ आली, किंवा तोंड उघडं ठेवून तो श्वास घेऊ लागला तर झोप तिथेच थांबवा. ऊब हळूहळू वाढवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

उठल्यावर घाई

संक्रांतीनंतर ऊन वाढतं आणि तो आपणहून हालचाल करू लागतो. पहिल्या दिवशी फक्त खोलीतला उजेड आणि कोमट पाण्याची आंघोळ. पुढच्या तीन-चार दिवसांत दिव्याचे तास वाढवा. अतिनील किरणांची ट्यूब वर्षापेक्षा जुनी असेल तर याच वेळी बदला. ती दिसायला चालू असते, पण किरणं कमी झालेली असतात. दोन-तीन दिवस नीट शेकून झाल्यावरच पहिलं जेवण द्या, तेही थोडं. खंडूला मी आधी लाल भोपळ्याचा कीस देतो, किडे त्यानंतर दोन दिवसांनी.