‘मदा मस्र’ कसे वाचावे

कैरोहून अरबी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघणारे ‘मदा मस्र’ हे स्वतंत्र ऑनलाइन वृत्तपत्र इजिप्तमधल्या वाचकाला सरळ मार्गाने उघडता येत नाही. आपल्याला मात्र पुण्यात किंवा नागपुरात बसून ते सहज वाचता येते. ही सोय वाया जाऊ देऊ नये, असे मला मनापासून वाटते. पण नुसते मथळे चाळले, तर तिथल्या वृत्तस्वातंत्र्याच्या लढ्याचे फारसे काही हाती लागत नाही, कारण तो लढा बहुतेक वेळा तारखा, कलमे आणि मुदतवाढी यांच्या रुक्ष तपशिलातच दडलेला असतो.

वाचनाला बसण्यापूर्वी या पत्राचा पूर्वेतिहास थोडक्यात लक्षात घ्यावा. ‘इजिप्त इंडिपेंडंट’ हे इंग्रजी पत्र एप्रिल २०१३ मध्ये बंद पडल्यावर त्यातल्याच पत्रकारांनी त्याच वर्षी जूनअखेरीस हे नवे पत्र सुरू केले आणि लीना अताल्ला त्याच्या मुख्य संपादक झाल्या. मे २०१७ मध्ये एकवीस संकेतस्थळे बंद केल्याची बातमी सरकारी वृत्तसंस्थेने अनामिक सूत्रांच्या हवाल्याने दिली. ‘मदा मस्र’ त्यांपैकी एक होते. म्हणून बंदीची बातमी वाचताना पहिला प्रश्न हा विचारावा की आदेश कोणी काढला आणि त्यावर सही कोणाची आहे. उत्तर सापडत नसेल, तर तेही टिपून ठेवावे.

त्यानंतर इजिप्तच्या २०१४ च्या राज्यघटनेतील ७१ वे कलम जवळ ठेवावे. वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप लादणे, ती जप्त करणे वा बंद करणे या कलमाने निषिद्ध आहे; अपवाद एवढाच की युद्धकाळात किंवा सार्वत्रिक लष्करी सज्जतेच्या वेळी मर्यादित सेन्सॉरशिप लादता येते. त्याच्या शेजारी २०१८ चा १८० क्रमांकाचा माध्यम कायदा ठेवून वाचावे. त्यात संकेतस्थळांना परवाना आवश्यक ठरवला आहे, इतकेच नव्हे तर पाच हजार किंवा अधिक अनुयायी असलेले व्यक्तिगत खातेही माध्यम नियामकाच्या कक्षेत आणले आहे. ‘मदा मस्र’ने २०१८ मध्येच परवान्यासाठी अर्ज केला, पण उत्तर आले नाही, असे पत्राचे म्हणणे आहे, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अताल्ला यांच्यावर ठेवलेल्या आरोपांपैकी एक आरोप विनापरवाना संकेतस्थळ चालवण्याचा होता. अर्ज अनुत्तरित ठेवायचा आणि मग परवाना नाही म्हणून चौकशी करायची, ही रीत एकदा ओळखता आली की पुढच्या अनेक बातम्यांचा अर्थ लागतो.

अरबी शब्दांपैकी निदान चार-पाच तरी शिकून घ्यावेत. ‘हजब’ म्हणजे संकेतस्थळ रोखणे, ‘रकाबा’ म्हणजे सेन्सॉरशिप, ‘हब्स इहतियाती’ म्हणजे खटल्यापूर्वीची कोठडी. ही कोठडी आधी पंधरा-पंधरा दिवसांनी आणि पुढे पंचेचाळीस-पंचेचाळीस दिवसांनी वाढवत नेली जाते. ‘तदवीर’ हा शब्द वकिलांच्या तोंडी असतो: सुटका होण्याच्या बेतात असलेल्या माणसाला नव्या प्रकरणात गोवून पुन्हा आत ठेवणे. आपल्याला ओळखीचे वाटणारे शब्द मात्र जपून वाचावेत. आपण ‘वकील’ म्हणतो तो तिथे ‘मुहामी’ असतो, आणि ‘वकील अन-नियाबा’ हा उलट सरकार पक्षाचा अधिकारी असतो. यंत्राने केलेल्या भाषांतरावर विसंबले तर आरोपीच्या बाजूचा माणूस कोणता, हेच उलटे होऊ शकते. ‘अम्न अद-दौला’ म्हणजे राज्याची सुरक्षा. यातला ‘दौला’ आपल्याला परका नाही, कारण मराठेशाहीच्या कागदपत्रांतली ‘दौलत’ हीसुद्धा राज्याच्या अर्थानेच येते.

एक घटना निवडून ती शेवटपर्यंत धरून ठेवावी. नोव्हेंबर २०१९ हे चांगले उदाहरण आहे. राष्ट्राध्यक्षांच्या मुलाला गुप्तचर खात्यातून मॉस्कोला पाठवण्याचा बेत असल्याचे वृत्त २० तारखेला छापून आले, २३ तारखेला संपादक शादी जलत यांना घरातून नेले आणि २४ तारखेला साध्या वेशातले अधिकारी थेट कार्यालयात शिरले. त्यांनी सर्वांचे फोन आणि संगणक गोळा केले, लोकांना काही तास आत अडकवून ठेवले आणि अताल्ला यांच्यासह तिघांना घेऊन गेले. सर्व जण त्याच दिवशी सुटले. मी अशा प्रत्येक प्रकरणासाठी वहीचे एक पान ठेवतो: डावीकडे तारीख, मधे आरोपाचे कलम, उजवीकडे पुढची सुनावणी. पत्राचे स्वतःचे निवेदन आणि सरकार पक्षाचे निवेदन वेगवेगळ्या शाईने लिहावे, म्हणजे कोणी काय सांगितले आणि काय गाळले, ते एका नजरेत दिसते.

दुबई, मस्कत किंवा कुवेतमध्ये राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींनी असे वृत्त पुढे पाठवताना तिथले सायबर कायदे आधी पाहावेत. संयुक्त अरब अमिरातीत अफवांविषयीचा २०२१ चा कायदा कडक आहे. इजिप्तमध्ये राहणाऱ्या ओळखीच्या माणसाला तर, त्याने स्वतः मागितल्याशिवाय, दुवा पाठवूच नये. त्याच्यासाठी काही करायचेच असेल, तर पत्राचे सदस्यत्व आपण आपल्या नावाने घ्यावे. वाचकांच्या वर्गणीसाठी ‘मदा मस्र’ने तशी योजना ठेवली आहे.