शाळकरी मुलांच्या मानसिक आरोग्यावर संशोधन करायचे असेल तर

माझ्या पहिल्या पाहणीत झालेली चूक आधी सांगते, कारण पुढचे बहुतेक सल्ले तिच्यातूनच आलेले आहेत. नाशिक तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शुक्रवारी शेवटच्या दोन तासिकांना नववीच्या एका तुकडीकडून मी प्रश्नावल्या भरून घेतल्या, गठ्ठा बांधून घरी आणला आणि तो सोमवारी सकाळी उघडला. मरणाच्या विचारांविषयी विचारणाऱ्या प्रश्नासमोर एका मुलीने ‘जवळजवळ रोज’ या रकान्यात खूण केली होती. उत्तरे प्रामाणिक मिळावीत म्हणून नावे घ्यायची नाहीत, हे मीच ठरवले होते. त्यामुळे वर्गातील 19 मुलींपैकी ती कोण, हे कळायला मार्ग नव्हता. वर्गशिक्षिकांनी दोन दिवस एकेकीला वेगळे बोलावून विचारपूस केली, मुलगी सापडली, तिच्या घरच्यांशी बोलणेही झाले. पण शनिवार-रविवार तो गठ्ठा माझ्या टेबलावर सुतळी बांधलेला तसाच पडून होता, हे काही पुसले जात नाही. पुढच्या वर्षी त्या शाळेने मला परवानगी नाकारली आणि त्यात शाळेचे काही चुकले, असे मला वाटत नाही.

या क्षेत्रात संशोधक म्हणून टिकायचे, तर एकदा गेलेल्या शाळेने दुसऱ्यांदा दार उघडले पाहिजे. पदवी, अधिछात्रवृत्ती, शोधनिबंध हे सगळे लागतेच. मात्र त्याच मुलांकडे सहावीत, सातवीत आणि आठवीत पुन्हा पुन्हा जाता आले नाही, तर मुले कशी बदलतात हे सांगणारा अभ्यास उभाच राहत नाही आणि हाती उरतात त्या एका दुपारच्या टक्केवाऱ्या.

प्रवेश आणि मार्गदर्शक

मानसशास्त्रात एम.ए. ही सरळ वाट आहे, पण एकमेव नाही. समाजकार्य, शिक्षणशास्त्र किंवा वैद्यकीय शाखेतून मनोविकारशास्त्र आणि जनआरोग्य या विषयांतूनही येता येते. नाशिककरांची सोय अशी की आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय म्हसरूळला आहे आणि कला-विज्ञान शाखांची महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. पीएचडीसाठी पदव्युत्तर परीक्षेत साधारणपणे 55 टक्के गुण लागतात आणि प्रवेश नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवर किंवा पेट या विद्यापीठाच्या पीएचडी प्रवेश परीक्षेतून होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2022 च्या नियमांनुसार प्राध्यापकाला 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थीच घेता येतात, शिवाय निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. म्हणून विषय ठरवण्याआधी विद्यापीठाच्या यादीत मार्गदर्शकाकडे जागा आहे का, हे पाहावे आणि त्याने स्वतः कधी शाळेत काम केले आहे का, हे त्याच्या आधीच्या विद्यार्थ्यांना विचारावे. दूरस्थ पद्धतीने पीएचडी करता येत नाही. नोकरी करणाऱ्या शिक्षकांना मात्र संस्थेचे ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन अर्धवेळ नोंदणी करता येते.

पैशांचे गणित आधी मांडावे. नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती (जेआरएफ) मिळाली, तर पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 रुपये मिळतात, त्यानंतर 42,000. ती नाही मिळाली, तर बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आपापल्या प्रवर्गातील उमेदवारांसाठी आहेत; त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे लागते आणि हप्ते वेळेवर येतीलच, हे गृहीत धरू नये. तासिका तत्त्वावर शिकवत पीएचडी करणारे अनेक जण माझ्या ओळखीचे आहेत. ते शक्य आहे. फक्त शाळेची वेळ आणि महाविद्यालयाची वेळ एकच असते, हे वेळापत्रक मागतानाच विभागप्रमुखांच्या कानावर घालावे.

एक गैरसमज येथेच दूर करायला हवा. एम.ए. किंवा पीएचडी झाल्याने कोणी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ होत नाही. त्यासाठी वेगळे प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. शाळेत ‘डॉक्टर मॅडम आल्या’ अशी ओळख करून दिली गेली, की तेथल्या तेथे ती दुरुस्त करावी.

प्रश्न कोणता घ्यावा

‘नाशिक शहरातील विद्यार्थ्यांमधील ताणतणावाचा अभ्यास’ अशा शीर्षकाचा प्रबंध शक्यतो लिहू नये. मुलांना त्रास आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातील सुमारे 7.3 टक्के मुलांना निदान करण्याजोगा विकार असल्याचे दिसले होते. आता उपयोगाचा प्रश्न हा की शाळेत काय केल्याने फरक पडतो आणि ते कोणी करायचे. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील 74 माध्यमिक शाळांत झालेल्या आणि 2018 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेहेर’ चाचणीत एकच कार्यक्रम काही शाळांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकाने आणि काही शाळांत शिक्षकाने राबवला. समुपदेशक असलेल्या शाळांतील वातावरण सुधारले, शिक्षकांकडे दिलेल्या शाळांत फरक दिसला नाही. ब्रिटनमधील ‘मिरियड’ चाचणीत तर 85 शाळांपैकी सुमारे निम्म्या शाळांत सजगतेचे (माइंडफुलनेस) पाठ देऊनही बाकीच्या शाळांतील नेहमीच्या पाठांपेक्षा काही जास्त हाती लागले नाही, असे 2022 मध्ये जाहीर झाले. हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवून वाचले, की आपल्याकडे आयुष्मान भारत योजनेत प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत करण्याची जी रचना आहे, तिच्याविषयी किती तरी प्रश्न सुचतात आणि त्यांतील एकाचे उत्तर एका जिल्ह्यात राहून शोधता येते.

नाशिक जिल्हा त्यासाठी फार चांगला आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण येथील आश्रमशाळा, निफाडमधील बागायती गावांतील शाळा, मालेगावातील उर्दू शाळा आणि गंगापूर रोडवरील इंग्रजी शाळा यांतील मुलांचे दिवस एकमेकांसारखे नसतात. चारही घेण्याचा मोह टाळून दोनच घ्याव्यात आणि नीट घ्याव्यात.

शब्द कोणाचे

बाजारात मिळणारी किंवा संकेतस्थळावरून उतरवलेली प्रश्नावली तशीच वाटणे, हे नवख्या संशोधकाचे हमखास चुकणारे पाऊल आहे. गुडमन यांची 25 विधानांची, 1997 पासून वापरात असलेली ‘सामर्थ्ये आणि अडचणी’ प्रश्नावली घ्यायची असेल, तर तिचे अधिकृत भाषांतर वापरावे लागते आणि परवानगीशिवाय तिचा शब्दही बदलता येत नाही. भाषांतर अधिकृत असले, तरी ते आपल्या मुलांना कळते का, हे तपासण्याचे काम आपलेच.

ते तपासण्याची माझी पद्धत सोपी आहे. सहा-सात मुले घ्यावीत, एका वेळी एकालाच बसवावे, त्याला विधान मोठ्याने वाचायला सांगावे आणि ‘हे वाचून तुझ्या मनात काय आले?’ एवढेच विचारावे. एका आश्रमशाळेतील आठवीच्या मुलीने ‘मला थकवा जाणवतो’ या वाक्यासमोर ‘नेहमी’ असे सांगितले. का, म्हणून विचारल्यावर ती म्हणाली, “सकाळी पाणी भरायची पाळी आमची आहे ना, मॅडम.” ते उत्तर खरेच होते, पण त्याची बेरीज मी नैराश्याच्या गुणांत करणार होते. ‘उदास’ हा शब्द तिला वाचता आला, स्वतःसाठी मात्र तिने तो वापरला नाही. ‘करमत नाही’, ‘मन लागत नाही’, ‘टेन्शन येते’ हे तिचे शब्द होते. घरी कोकणी (कोकणा आदिवासींची बोली) किंवा वारली बोलणाऱ्या मुलांबाबत तर पुस्तकी मराठी हीच दुसरी भाषा असते. असे शब्द वहीत टिपत गेले, की प्रबंधातील एक प्रकरण आपोआप तयार होते.

प्रश्नावली भरताना एका बाकावर तीन मुले बसवू नयेत. मधला मुलगा हाताने कागद झाकतो, कडेचे दोघे एकमेकांचे बघतात आणि रांगांतून फिरणारे गुरुजी “खरं लिहा रे” असे म्हणाले, की सगळ्यांची उत्तरे गोड होतात. शिक्षकांना त्या तासिकेपुरते बाहेर बसण्याची विनंती आधीच करून ठेवावी.

परवानगी, संमती आणि पुढची सोय

जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी शिक्षणाधिकारी, महापालिकेच्या शाळांसाठी तिचा शिक्षण विभाग, शासकीय आश्रमशाळांसाठी प्रकल्प अधिकारी. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच असल्याने एखादी फाईल अडली, तर ती हलवायला निदान मुंबईला जावे लागत नाही. त्याआधी संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता हवी. मुख्याध्यापकांची परवानगी ही पालकांची संमती नसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची लेखी संमती आणि त्याखेरीज मुलाची स्वतःची अनुमती लागते. 7 ते 12 वयात ती तोंडी चालते, त्यापुढे लेखी घ्यावी लागते. आश्रमशाळेतील मुलांचे पालक दूर असतात, म्हणून ते मुलांना भेटायला किंवा सुट्टीसाठी घ्यायला येतात, ते दिवस गाठावेत.

‘तू सांगितलेले कोणालाही सांगणार नाही,’ असे वचन मुलांना कधीही देऊ नये. लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मी आता असे म्हणते: “तुझे बोलणे मी माझ्यापाशीच ठेवीन; मात्र तुला किंवा दुसऱ्या कोणाला धोका आहे असे वाटले, तर मदत करू शकेल अशा मोठ्या माणसाला मला सांगावे लागेल, आणि सांगण्याआधी मी तुला विचारात घेईन.” नावाऐवजी सांकेतिक क्रमांक द्यावा, क्रमांक आणि नावे जुळवणारी यादी कुलपात ठेवावी आणि धोक्याचे प्रश्न असलेले पान शाळेचे आवार सोडण्यापूर्वी तपासावे. त्यासाठी सोबत एक प्रशिक्षित सहकारी न्यावा आणि पाहणी सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी ठेवावी, म्हणजे पुढचे चार दिवस हातात राहतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची बाह्यरुग्ण तपासणी कधी असते, हे स्वतः जाऊन विचारावे. सुरगाण्याहून येणाऱ्या पालकाची एक दिवसाची मजुरी बुडते, म्हणून एसटीचे भाडे अंदाजपत्रकात धरावे. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आणि चाइल्डलाइनचा 1098 हे क्रमांक सर्वच मुलांना द्यावेत, निवडक मुलांना नव्हे.

आकडे आणि वेळापत्रक

एका वर्गातील मुले काही प्रमाणात एकमेकांसारखी असतात, म्हणून 600 मुले म्हणजे 600 स्वतंत्र उत्तरे नव्हेत. समजा, प्रत्येकी 41 मुलांच्या 15 तुकड्या घेतल्या आणि वर्गांतर्गत सारखेपणाचा गुणांक 0.05 आहे, तर मुलांच्या संख्येला 1 + (41 − 1) × 0.05 म्हणजे 3 ने भागावे लागते आणि 615 मुलांचे वजन 205 इतकेच उरते. त्यामुळे एका वर्गातील मुले वाढवण्यापेक्षा वर्ग वाढवावेत.

जुलै ते सप्टेंबर हा काळ सर्वांत बरा. दिवाळीनंतर स्नेहसंमेलने, मग कांद्याची लागण आणि फेब्रुवारीपासून बोर्डाच्या परीक्षा असतात. 2027 मध्ये सिंहस्थ पावसाळ्यातच असल्याने शहर आणि त्र्यंबकेश्वरमधील शाळांचे काम त्या वर्षी धरूच नये.

शोधनिबंध कोठे द्यावा, हे ठरवताना यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी 2025 मध्ये बंद झाली आहे, हे लक्षात ठेवावे; पैसे भरल्यावर आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांपासून दूर राहण्याची जबाबदारी आता आपली आणि मार्गदर्शकाची आहे. निबंध पाठवण्याच्या आधी शाळेला दोन पानांचा मराठी अहवाल द्यावा आणि तो शिक्षकांच्या बैठकीत स्वतः वाचून दाखवावा. त्यात तुकडीवार आकडे मात्र टाकू नयेत. ‘नववी ब मध्ये 3 मुली’ असे लिहिले, की मधल्या सुट्टीपर्यंत शिक्षकखोलीत तिघींची नावे निघालेली असतात.